वीसपैकी अठरा

बोर्डो हे फ्रान्समधलं शहर आहे, हे मला सातवीच्या भूगोलात कळलं आणि माझा त्यावर विश्वास बसला नाही. आमच्या तासगाव तालुक्यात बोर्डो बादलीत असतं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. निळंशार होईपर्यंत ढवळायचं आणि डावणी येऊ नये म्हणून द्राक्षबागेवर मारायचं. आमचे आबा बोर्डो करायला बसले की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मिश्रण झालं की ते विळ्याचं पातं त्यात बुडवायचे, थोडा वेळ धरायचे, मग बाहेर काढून उन्हात तिरकं करून एक डोळा मिटून बघायचे. पात्यावर तांबूस थर दिसला की म्हणायचे, "चुना कमी पडला." मग अर्धी मूठ चुना, पुन्हा पातं, पुन्हा ऊन. आबांचं धोतर, आमचा बैल आणि दारातली तुळस असे तिघेही वर्षातले काही महिने निळसर असत.

त्यामुळे माझ्या साठीच्या निमित्ताने मुलीचा तुलूझहून फोन आला, "बाबा, तुम्ही इकडे आलात की तुम्हाला बोर्डोला नेणार, टेस्टिंगला," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी विळाच आला.

"कशाचं टेस्टिंग?"

"वाईनचं हो. भारीतली, रेड."

वाईनशी माझी ओळख एकदाच झाली होती. नाशिकला साडूंच्या घराच्या वास्तुशांतीनंतर, गच्चीवर, कागदी कपातून. चव बहुतेक कपाचीच लागली होती. शिवाय मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर. गावात आम्ही सोडावॉटर प्यायलो तरी पालक बाटलीवरचं लेबल वाचून जात.

बायकोने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "मी येईन, पण तोंडाला लावणार नाही."

"नुसता वास घे, आई."

"वासाचं काय, तो मी रोजच घेते."

हे अगदी खरं होतं. आमच्या हिच्या नाकाबद्दल आधीच सांगून ठेवतो. दूध नासणार असेल तर ते नासायच्या आदल्या संध्याकाळी हिला कळतं. जिन्यात उभी राहून कोणत्या मजल्यावर कोणाची फोडणी करपली ते सांगते. स्टँडवर भजी खाऊन, वर बडीशेप चघळून, मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आलो तरी दारातच विचारते, "कांदा की बटाटा?"

जावई विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. विमान उडवण्याआधी जशी यादी तपासतात तशी तो पिकनिकलाही तपासतो. तुलूझहून निघाल्यापासून तीन तास गाडी चालवता चालवता त्याने आमचा पाठ घेतला. बोर्डो शहराच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर पोयाक नावाचं गाव आहे, तिथं जायचं. १८५५ साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून इथल्या वाईनची वर्गवारी लावली, पहिली ते पाचवी. दलालांनी भाव बघून यादी केली.

"दर वर्षी नवी लावतात?"

"नाही बाबा. तीच चालू आहे."

"१८५५ ची?"

"पहिल्या वर्गात फक्त एकाला बढती मिळाली, मूतों रोथशिल्डला. १९७३ साली."

मी हिशेब केला. दुसरीतून पहिलीत जायला ११८ वर्षं. आमच्याकडे एकदा एक पोरगं तिसरीत तीन वर्षं बसलं तर गटशिक्षणाधिकारी चौकशीला आले होते. आणि इथं पाचव्या वर्गात आलेला मालकसुद्धा आपण या यादीत असल्याचं अभिमानाने बाटलीवर छापतो म्हणे. आमच्या पालकांना हे समजावून सांगायला हवं होतं.

मग त्याने १९७६ ची गोष्ट सांगितली. स्टीव्हन स्परिअर नावाच्या एका इंग्रज वाईनविक्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षक बसवले, लेबलं झाकली, फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन शेजारी शेजारी ठेवल्या आणि वीसपैकी गुण द्यायला सांगितले. रेडमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची. मूतों दुसरी. निकाल लागल्यावर एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली.

"दिली का?" मी विचारलं. हा माझा प्रांत होता.

"नाही दिली."

"बरोबर आहे. एकदा दिलेले गुण म्हणजे दिलेले गुण," असं मी ठणकावून बोललो. हे वाक्य जावयाच्या लक्षात राहील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पोयाकला एका शातोत पोचलो. शातो म्हणजे वाडा, पण बाहेरून तरी तालुक्याचं कचेरीवजा घर आणि आत विमानतळाइतकी स्वच्छता. आमच्याबरोबर आणखी सहा जण होते. त्यांत एक डच जोडपं आणि एक उंच अमेरिकन गृहस्थ, ज्यांच्या वहीला कातडी वेष्टण होतं. माहिती द्यायला एक तरुण बाई. इंग्रजी छान, पण प्रत्येक वाक्य नाकातून एक वळसा घेऊन यायचं.

आधी बाग दाखवली. मी पाय ठेवला आणि थबकलो. सगळा मुरूम. नुसते गोटे. ही जमीन आबांना कुणी फुकट दिली असती तरी त्यांनी त्यात विहीर सोडून काही केलं नसतं.

"ठिबक कुठं आहे?" मी मुलीला विचारायला लावलं.

बाई म्हणाल्या, इथं वेलाला पाणी देत नाहीत. वेलाला थोडा त्रास व्हायला लागतो, मुळं खोल जातात, तेव्हा वाईन चांगली होते. घडही काही मुद्दाम तोडून टाकतात.

"तोडून काय करतात?"

"खाली टाकतात."

माझ्या पोटात कालवलं. मी पुढं विचारलं, पिकल्यावर मणी केवढा होतो? बाईंनी करंगळीचं टोक दाखवलं. आत बिया, वर जाड साल. आमच्याकडे निर्यातीचा मणी मिलिमीटरवर मोजतात. या करंगळीच्या टोकाकडे व्यापाऱ्याने ढुंकून पाहिलं नसतं. आणि याच करंगळ्यांच्या एका बाटलीत आमच्या घराचं दोन वर्षांचं वीजबिल भरून निघेल, असं जावई हळूच म्हणाला.

इतक्यात मला एका पानावर निळी झाक दिसली. मी पान उलटं केलं. ओळखीचा रंग, ओळखीचे वाळलेले थेंब. मला भरूनच आलं. "बोर्डो!" मी ओरडलो.

"हो," बाई हसून म्हणाल्या, "बोर्डो."

"नाही, नाही. बोर्डो!" मी पानाकडे बोट केलं.

"हो, मस्यू. तुम्ही बोर्डोमध्येच आहात."

अमेरिकन गृहस्थांनी माझ्याकडे, उन्हाचा त्रास झालेल्या माणसाकडे पाहतात तसं पाहिलं. शेवटी मुलीने मोरचूद आणि चुना यांचं फ्रेंच केलं तेव्हा बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, अहो, ते तर इथलंच. शेजारच्या सँ-ज्युलियाँमध्ये रस्त्याकडेच्या वेलींना शेतकरी हे निळं काहीतरी फासत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरून खाऊ नयेत म्हणून. १८८२ साली बोर्डोच्या विद्यापीठातले प्राध्यापक मियार्दे तिथून जात होते. त्यांच्या ध्यानात आलं की आतल्या रांगा डावणीने गेल्या आहेत आणि रस्त्याकडच्या निळ्या रांगा टवटवीत आहेत. तीन वर्षांनी त्यांनी ते छापून जगाला सांगितलं.

म्हणजे आबा ज्याला औषध समजून विळा बुडवत बसले ते मुळात चोरांसाठी होतं. चोरांसाठी म्हणजे, तासगावपुरतं बोलायचं तर, आमच्यासाठी. ते निळे मणी आम्ही शाळेतून येताना शर्टाला पुसून खायचो.

मग टेबलाशी बसलो. प्रत्येकापुढे एक मोठा ग्लास, एक छापील कागद आणि नुकतंच टोक केलेली एक पेन्सिल. कागदावर रकाने होते: रंग, नाक, अंग, शेवट. खाली एकूण गुण, वीसपैकी. बाईंनी सांगितलं, आधी रंग बघा, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून. मग ग्लास फिरवा आणि काचेवरून ओघळ कसे उतरतात ते बघा, त्यांना इंग्रजीत पाय म्हणतात आणि फ्रेंचमध्ये अश्रू.

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा तुमच्या मामांनीसुद्धा रंग बघितला, नाक बघितलं आणि चालून दाखवायला सांगितलं. फक्त गुण कळवायला तीन आठवडे लावले."

"पाय चांगले असले की वाईन चांगली?" मी विषय बदलला.

"तसं काही नाही," जावई म्हणाला. "अल्कोहोल पाण्याच्या आधी उडतं, मग पृष्ठताणामुळे द्रव काचेवर वर ओढला जातो आणि ओघळतो. जेम्स थॉमसनने १८५५ साली लिहून ठेवलंय. दर्जाशी संबंध नाही."

"मग बघायचं कशाला?"

"बघतात."

फिरवायचा ग्लास टेबलावर टेकवून फिरवायचा असतो हे मला नंतर कळलं. मी तो ताक घुसळायच्या आवेशाने हवेत फिरवला. एक अर्धचंद्राकृती लाट उठली आणि जावयाच्या पांढऱ्या शर्टवर उतरली. "मीठ लावा," बायको म्हणाली. जावयाने "असू दे, असू दे," म्हटलं आणि पुढचा सगळा वेळ छातीवर नकाशा घेऊन बसला.

याच सुमारास पहिली बाटली डच जोडप्यापर्यंत जाऊन संपली. आतून एक मुलगा धावत दुसरी घेऊन आला, घाईने बूच काढलं आणि टेबलाचं आमचं टोक भरलं: मी (दुसऱ्यांदा), जावई, मुलगी, अमेरिकन गृहस्थ आणि, वासापुरतं दोन बोटं, बायको.

आता नाक. मी नाक ग्लासात घातलं. नाक माझं मोठं आहे, पण वाईनचं काही सापडेना. तिकडे अमेरिकन गृहस्थांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "ब्लॅककरंट. देवदार. आणि दूरवर, जुनं कातडं." कातडं त्यांच्या वहीचं असावं, असं मला वाटलं, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. ब्लॅककरंट मी फक्त आइस्क्रीममध्ये खाल्लंय. त्यात निघतात ते काळे बेदाणे, आणि बेदाणे मला ओळखता येतात. मुलगी म्हणाली, "व्हायोलेटची फुलं." व्हायोलेटची फुलं हिने आयुष्यात कधी हुंगली? हिच्या लहानपणी आमच्या दारात सदाफुली होती.

"मस्यू?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

नापास होणाऱ्या पोराला फळ्याजवळ बोलावल्यावर काय वाटतं, ते साठाव्या वर्षी कळलं. मी पुन्हा नाक घातलं. ३४ वर्षांच्या सवयीने, हातात काहीही असलं तरी त्याच बोटांत पेन्सिल असतेच. आणि एकदम मला वास आला! लख्ख. ओळखीचा. तिसरी ब चा वर्ग, सकाळचे पावणेअकरा, पस्तीस पोरं एकदम टोक करताहेत आणि बाकांवर भुसा पडलाय.

"पेन्सिल," मी म्हणालो.

"ब्राव्हो!" बाई जवळजवळ उठून उभ्याच राहिल्या. पोयाकच्या वाईनची हीच तर खूण, जाणकार हाच शब्द वापरतात. अमेरिकन गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी बायकोकडे पाहिलं. ती ग्लासाकडे पाहत होती, कपाळाला आठी.

पुढची पायरी तोंड. घोट घ्या, ओठांचा चंबू करा, हवा आत ओढा आणि आवाज होऊ द्या. म्हणजे भुरका! बशीतल्या चहाच्या भुरक्यावरून मी पस्तीस वर्षं बोलणी खाल्ली आहेत. पाहुण्यांकडे जाताना ताकीद, लग्नाच्या पंगतीत डोळे, मुलीच्या साखरपुड्यात तर टेबलाखालून पाय. आणि इथं परदेशात, पैसे भरून, भुरका मारायला सांगत होते. मी पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं पणाला लावून असा भुरका ओढला की डच गृहस्थ मागे वळून पाहू लागले. बाई म्हणाल्या, "उत्तम!" मी हा शब्द बायकोने ऐकावा म्हणून तिच्याकडे वळलो आणि तिथेच चुकलो. हवा आणि वाईन आपापल्या वाटा चुकल्या. ठसका लागला. वाईनचं नाक कसं आहे ते मला अखेर आतून कळलं.

ठसका ओसरल्यावर तुरटपणा जाणवला. जीभ कच्च्या केळ्यासारखी झाली, गाल आतून आकसले. हे टॅनिन, जावई म्हणाला, सालीचं, बियांचं आणि ओकच्या पिंपाचं. मी म्हटलं, एवढ्यासाठी इथवर कशाला यायचं, आमच्याकडे हिरडा मिळतो.

आणि मग बाईंनी टेबलाच्या मधोमध एक चकचकीत भांडं सरकवलं. आता थुंका.

माझ्या आजोबांच्या बैठकीत तस्त असायचं, त्यामुळे वस्तू मी ओळखली. पण मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो तिथल्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' हे मी स्वतः रंगवलंय, थुं वरचा अनुस्वार जरा ठळकच. मी थुंकलेल्या पोरांना आवार झाडायला लावलंय. शिवाय मनात हिशेब चालू होता: या एका घोटाचे रुपये किती? अमेरिकन गृहस्थ सराईतपणे बारीक धार सोडून मोकळे झाले. माझ्याने होईना. एवढ्या किमतीची गुळणी आमच्या घराण्यात कुणी केलेली नाही. मी गिळली. दुसराही घोट गिळला. तिसऱ्यानंतर मला वाईन खरंच सुंदर वाटायला लागली आणि बाई, डच जोडपं, अमेरिकन गृहस्थ, सगळेच फार जवळचे वाटायला लागले. मी कागदावर ऐटीत आकडा टाकला: १८.

"मादाम?" बाईंनी शिष्टाचार म्हणून बायकोला विचारलं. "तुम्हाला कसला वास येतोय?"

"सांगू का?" बायको मुलीला म्हणाली.

"सांग की, आई. काहीही चालतं इथे."

"भिजलेल्या पेटीचा."

"कसली पेटी?"

"द्राक्षाची गं. पुठ्ठ्याची. अवकाळी झाला त्या साली शेडमध्ये पाणी शिरलं होतं बघ, चारशे पेट्या भिजल्या होत्या. आठ दिवस तो वास गेला नव्हता. तोच आहे हा. मघापासून येतोय."

"आई, हळू बोल ना."

"काय म्हणतायत मादाम?"

मुलीने ओशाळून, आवाज लहान करून, ओल्या पुठ्ठ्याचं फ्रेंच केलं. बाईंचं हसू गेलं. त्यांनी बायकोचा ग्लास उचलला, एकदाच हुंगला आणि क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. मग आमच्या टोकाचे सगळे ग्लास एकेक करून उचलले. मग त्या मुलाला हाक मारली. ती हाक फ्रेंचमध्ये असली तरी मला समजली. इन्स्पेक्शनच्या दिवशी मी तीच शिपायाला मारायचो.

बाटली बुचाने बिघडलेली होती. बुचात कधीकधी टीसीए नावाचं एक द्रव्य तयार होतं, ते वाईनमध्ये उतरतं. एका लिटरात ग्रॅमचे काही अब्जांश भाग असले तरी पुरे, वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. म्हणूनच बाटली उघडली की आधी हुंगायची असते. डच टोकाची पहिली बाटली हुंगली होती. आमची घाईत राहिली. बाईंनी चार वेळा क्षमा मागितली.

म्हणजे टेबलाचं ते टोक चांगली वाईन पीत होतं, हे टोक बिघडलेली, आणि दोन्हीकडे ब्लॅककरंट आणि देवदार सारखेच निघत होते.

अमेरिकन गृहस्थांनी ग्लास पुन्हा नाकाशी नेला, भुवया जुळवल्या आणि म्हणाले, "मला सुरुवातीपासून थोडी शंका होती." जावई म्हणाला, "मलाही जरा वेगळं वाटलं होतं." मुलगी म्हणाली, व्हायोलेट जरा दबलेलंच होतं. मीही मान हलवली. आमच्या टोकाला शंका नव्हती असा माणूसच उरला नाही. बाईंनी उरलेली बाटली नेऊन सिंकमध्ये ओतली. तो गुटगुट आवाज मी शेवटच्या थेंबापर्यंत ऐकला.

जावयाने माझं सांत्वन केलं. २००१ साली इथल्याच विद्यापीठात फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग मिसळून दिली, तर सगळ्या वर्गाने तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं.

"सगळ्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल," मी म्हणालो.

"नाही बाबा. रंगाचं बघून."

नवी बाटली आली. बाईंनी बूच काढलं, दोन बोटं ओतली आणि ग्लास सरळ बायकोपुढे ठेवला. टेबल गप्प. हिने पदर सावरला, ग्लास उचलला, खिडकीतल्या उन्हात तिरका धरला. उगीचच, कारण उन्हाचा वासाशी काय संबंध? पण मला एकदम आबांचं विळ्याचं पातं आठवलं. मग हिने हुंगलं. एकदा. पुन्हा. अमेरिकन गृहस्थांनी श्वास रोखला होता.

"हं. पेटी नाही."

बाईंनी निःश्वास सोडला आणि त्यानंतर जी जी बाटली उघडली ती आधी हिच्याकडे आली. हिने तोंडाला एकही थेंब लावला नाही. एका बाटलीला "ठीक," एकीला "ही बरी," एवढंच.

शेवटी बाईंनी कागद गोळा करायला घेतले. हिच्या कागदावर गुणांची जागा कोरी होती. मी म्हटलं, "अगं, गुण भर."

"मी कुठं प्यायले? पेपर न तपासता गुण कसे देऊ?"

माझ्या कागदावर मात्र भिजलेल्या पेटीला अठरा गुण होते. कागद बाईंच्या हातात पडता पडता मी तो धरला. "जरा परत द्याल का?"

"बाबा," जावई म्हणाला, "एकदा दिलेले गुण म्हणजे..."

"ठाऊक आहे."

"शिवाय मराठी आकड्यात लिहिलेत. त्यांना कुठं कळणार आहेत?"

"हिला कळतील."

बाई सज्जन होत्या, १९७६ सारखं काही केलं नाही. कागद दिला. ३४ वर्षांच्या नोकरीत मी कधी खाडाखोड केली नव्हती. पण अठरातला एक पुसला की आठ उरतो, आणि आठ हे त्या बाटलीला तरीही उदारच होते. मी पेन्सिल उलटी केली, तिच्या मागच्या रबराने एकावर घासायला लागलो आणि टोक थेट नाकाखाली आलं.

पस्तीस पोरं. सकाळचे पावणेअकरा. बाकांवर भुसा.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि पेन्सिल टेबलाच्या त्या टोकाला, डच जोडप्याकडे, सरकवून दिली.